आरशातला जोड

पुरवणी जबाब

नाव पहिल्या जबाबात नोंदवलेले तेच. कामावर 'वहिनी' या नावाने ओळख. वय ४४ वर्षे, धंदा पाइप वेल्डिंग, शिक्षण दहावी नापास, राहणार कारखान्यामागील कामगार वसाहत, शेवटची इमारत, दुसरा मजला.

मी आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझी धाकटी जाऊ आणि तिची मुलगी अशा तिघी राहतो. माझे पती वारले त्याला बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. माझे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, ते मागच्या महिन्यात कारखान्यात पाइपची लाइन फुटली तेव्हा जागीच गेले. त्याबाबत मी याआधी एक जबाब दिला आहे. फुटलेल्या लाइनीवरचा जोड मी केला असं त्यात सांगितलं होतं. ते खोटं होतं. आज खरं काय ते सांगते. मला कोणी धाक दाखवलेला नाही. धाक दाखवून काढून घ्यावं असं माझ्याजवळ आता काही उरलेलंही नाही.

लिहून घेणारे साहेब म्हणाले, मुद्द्याचं बोला. मी म्हटलं, मुद्दा सर्टिफिकेटचाच आहे, आणि ते कसं मिळतं नि कसं जातं हे कळल्याशिवाय माझं खोटं तुम्हाला कळायचं नाही. तेव्हा ते 'बरं, सांगा' म्हणाले म्हणून सांगते.

वेल्डरच्या सर्टिफिकेटसाठी आधी अर्ज करावा लागतो. सोबत जिथे काम शिकलो तिथलं पत्र, फोटो आणि डोळ्यांचा दाखला. मग परीक्षेची तारीख येते. कधी येईल ते विचारायचं नसतं. हॉलमध्ये पाइपचे दोन तुकडे देतात. परीक्षक त्यांवर आपली खूण ठोकतात, म्हणजे कोणी घरून करून आणलेला तुकडा पुढे सरकवू नये. पाइप तिरपा बांधलेला असतो. तो हलवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, गुडघे टेकायचे. जोड झाला की त्याच्या पट्ट्या कापतात आणि मशीनमध्ये घालून कमानीसारख्या वाकवतात. चीर पडली की नापास. पास झालं की एक नंबर मिळतो. तो नंबर आपल्या प्रत्येक जोडाशेजारी लोखंडी पंचाने ठोकायचा, म्हणजे उद्या काही झालं तर कोणाला धरायचं ते कळतं.

हे सगळं मला भाऊजींनी शिकवलं. नवरा गेला तेव्हा मी शिवणकाम करत होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शिवायचंच आहे ना? मग लोखंड शिवा, ते विरत नाही." पहिल्या परीक्षेला मी नापास झाले, तेव्हा ते मला घरी घेऊन आले आणि जावेला म्हणाले, "आज वहिनींना दोन घास जास्त वाढ, उद्यापासून त्यांना माझ्या शिव्या खायच्या आहेत." शिव्या त्यांनी कधी दिल्या नाहीत. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. कामावर ते वहिनी म्हणायचे म्हणून सगळेच म्हणू लागले, माझ्या वडिलांच्या वयाचा फिटरसुद्धा.

तिरप्या पाइपवर जो पास झाला त्याला सगळ्या बाजूंचं काम येतं असं नियम धरून चालतो. पण पाइप भिंतीला चिकटून असला, मागे डोकं जात नसलं, की ती बाजू आरशात बघून जोडावी लागते. त्याची वेगळी परीक्षा कोणी घेत नाही. आरशात आपलाच हात उलटा चालतो. मी एकदा करून बघितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा जोड आहे की मुंग्यांचं वारूळ?" त्यांना मात्र ते जमायचं. आपल्या मानेवरचे केससुद्धा ते दोन आरसे लावून स्वतःच कापायचे. डोकं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसायचं, जाऊ हसून हसून बेजार व्हायची. ते म्हणायचे, "हसा, माझा सराव होतोय." सगळ्या टोळीत आरशातला जोड करणारे ते एकटेच होते.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. दर सहा महिन्यांनी मालकाची सही लागते की हा माणूस काम करतो आहे. सहा महिने वेल्डिंगचा टॉर्च हातात धरला नाही तर नंबर रद्द. मग पुन्हा अर्ज, पुन्हा डोळे, पुन्हा तारीख. त्या माणसाचा हात काम विसरला का, हे कोणी बघत नाही. सही आहे का ते बघतात.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्याजवळ कोणीतरी दिवसभर लागायचं. जाऊ पॅकिंग खात्यात आहे, तिला रजा मिळत नव्हती. मोठी सून म्हणून बसायला मी हवी होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचा नंबर मोठ्या मुश्किलीने आलाय, तो जाऊ देऊ नका. आई माझी आहे, मी बसतो." ते बसले. आईचं हगणंमुतणं त्यांनी काढलं आणि मी कामावर जाऊन माझ्या सह्या घेत राहिले. सासूबाई गेल्या तोवर त्यांचा नंबर रद्द झाला होता. त्यांनी लगेच नवा अर्ज केला. मालकाचं पत्र मागितलं तर मालक म्हणाले, सर्टिफिकेट आणा, मग पत्र देतो. आमच्या फिटरने शेवटी ओळखीतून कुठलंतरी पत्र मिळवून दिलं. अर्ज गेला आणि आम्ही तारखेची वाट बघत बसलो.

त्या दिवसांत कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता आणि ठेकेदाराने मला बोलावलं. मी भाऊजींना मदतनीस म्हणून सोबत घेतलं. ज्याने शिकवलं तो माझं हेल्मेट उचलून मागे मागे चालतोय हे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते मात्र चेष्टा करायचे, "मालकीणबाई, ग्राइंडर देऊ का?" मी म्हणायचे, "भाऊजी, पुरे." घरी चूल पेटायची होती, त्यामुळे दोघांचंही तोंड तिथेच बंद व्हायचं.

घटनेच्या दिवशी सकाळी मोठ्या टाकीच्या मागच्या लाइनीवर जोड करायचा होता. जागा इतकी अरुंद की मागची बाजू आरशाशिवाय दिसत नव्हती. मी सुपरवायझरना म्हटलं, मला हे येत नाही. ते म्हणाले, "तुमच्या सर्टिफिकेटवर सगळ्या बाजू लिहिल्यात. येत नसेल तर उद्यापासून येऊ नका." भाऊजींनी माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि म्हणाले, "वहिनी, आरसा धरा." मी आरसा धरला. सुपरवायझर दोन पावलांवर होते. त्यांनी पाठ फिरवली. आज ते म्हणतात, आम्ही काही बघितलं नाही. ते खरंच आहे म्हणा, पाठीला डोळे नसतात.

जोड भाऊजींनी केला. शेजारी नंबर मी माझा ठोकला. त्यांचा हात थोडाही थांबला नव्हता, इतक्या महिन्यांनी. मी तसं म्हटल्यावर लाजले. म्हणाले, "आता तारीख आली तरी चालेल."

दुपारी लाइन तपासायची होती. ती पाणी भरून तपासतात. सुपरवायझर म्हणाले, पाणी भरून काढायला वेळ नाही, हवा भरा. हवा भरलेली लाइन फुटली की माणूस वाचत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. भाऊजी साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन मागे गेले, कारण जोडावर बुडबुडे येतात का ते जवळून बघावं लागतं. मी जाते म्हटलं तर म्हणाले, "तुम्हाला आत शिरता येणार नाही, मालकीणबाई." मी हसले. नंतर लाइन फुटली. भाऊजींना बाहेर काढलं तेव्हा ते गेलेले होते. याबाबत मला जास्त सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या जिन्यात जावेने माझा हात धरला. तिला फिटरने समजावलं होतं की, भाऊजी नुसते मदतनीस होते असं ठरलं तर तिला नि मुलीला भरपाई मिळेल. जोड त्यांनी केला असं निघालं तर सर्टिफिकेट नसताना काम केलं म्हणून काहीही मिळणार नाही. ती म्हणाली, "ताई, नंबर तुमचाच आहे ना त्याच्यावर? मग तुमचाच म्हणा." मी म्हटलं, माझाच म्हणते. मला त्याचं काही वाटलं नाही. एवढी वर्षं त्यांच्या हातावर खाल्लं होतं. तुरुंगात जायची तयारी ठेवून मी पहिला जबाब दिला.

पण ज्याच्या नंबराचा जोड अपघातात सापडतो त्याला पुन्हा परीक्षेला बसवतात, आणि तीही तशाच जागेत, हे मला माहीत नव्हतं. पत्र आल्यावर कळलं. मी फिटरच्या घरामागे आरसा टांगून सराव केला. जेवण सुटलं, डोळे सुजले. सगळ्याची सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. आरशातल्या जोडाचंही येत नाही.

काल परीक्षा झाली. भिंतीला चिकटून पाइप, मागे आरसा. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायची मला सवय नाही. उजेड चांगला होता, रॉड चांगला होता, वेळही भरपूर दिला. माझी पट्टी वाकवली ती अर्ध्यातच तुटली.

परीक्षक म्हातारे आहेत. भाऊजींची पहिली परीक्षा त्यांनीच घेतली होती. त्यांनी फुटलेल्या लाइनीचा तुकडा टेबलावर माझ्या तुकड्याशेजारी ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवून दोन्हींवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बाई, हा हात तुमचा नाही." हुकूम होता म्हणून त्यांनी भाऊजींच्या जोडाच्याही पट्ट्या कापल्या आणि वाकवल्या. एकही चीर गेली नाही. लाइन जोडावर फुटलेलीच नव्हती, शेजारच्या जुन्या गंजलेल्या बेंडवर, म्हणजे पाइपच्या वळणावर, फुटली होती. मला तिथेच रडू फुटलं. जोड फार सुरेख होता. परीक्षक म्हणाले, "पास आहे, पण लिहू कोणाच्या नावावर?"

मी येथील साहेबांना विचारलं की जोड शाबूत निघाला, मग भाऊजींचा दोष कसा? साहेबांनी सांगितलं की, जोड तुटला का हा प्रश्न नाही, करणाऱ्याकडे सर्टिफिकेट होतं का हा प्रश्न आहे. तो बेंड का बदलला नाही आणि हवा का भरली, हेही मी सांगितलं. त्याचा तपास वेगळा होईल असं कळलं. माझा नंबर रद्द झाला आहे. नंबराचा पंच मी आज जमा केला आहे. खोटं बोलल्याची जी काय शिक्षा असेल ती मी घेईन.

आज सकाळी निघताना जावेला सगळं सांगितलं. ती मुलीची वेणी घालत होती. वेणी पुरी करून म्हणाली, "एक जोड करता आला नाही, ताई, तुम्हाला?" मी म्हटलं, नाही आला गं. ती माझ्यासोबत आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. आत काय लिहिलं ते तिला मीच सांगणार आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. वर सगळीकडे भाऊजींच्या कामाचा उल्लेख मी 'वेल्डर' असा करा म्हटलं होतं. सर्टिफिकेट नसताना तसं लिहिता येत नाही असं साहेबांनी सांगितल्यावरून मयताच्या रकान्यात धंदा 'मदतनीस' असा राहू दिला आहे. तेवढं सोडून बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.