केप कोस्टच्या बाजारात चार तास

(आयर्लंड. शॅनन विमानतळावरून एनिस गावाकडे निघालेली गाडी. दुपारचे तीन. जयेश चालवतोय, शेजारी त्याची बायको सुमेधा, सहा दिवसांनी घानाहून परतलेली.)

जयेश : नाही, मला हेच कळत नाहीये. तू हरवली होतीस की नव्हतीस?

सुमेधा : होते ना. म्हणजे, आधी होते.

जयेश : आधी म्हणजे?

सुमेधा : पहिला अर्धा तास. मग... तू समोर बघ ना, राउंडअबाउट आलाय.

जयेश : दिसतोय मला. सुरुवातीपासून सांग. तुझी ती मैत्रीण एस्थर तिकडून फोनवर नुसती रडत होती. एक वाक्य धड कळलं असेल तर शपथ.

सुमेधा : शनिवारी तिच्या बहिणीचं लग्न झालं. सोमवारी म्हणाली, चल, केप कोस्टचा बाजार दाखवते, रेवाच्या फ्रॉकला कापडही घेऊ. माझ्या ड्रेसला खिसा नव्हता, म्हणून फोन तिच्याच पर्समध्ये टाकला.

जयेश : ग्रेट.

सुमेधा : अरे, गर्दी म्हणजे काय होती! डोक्यावर घमेली घेऊन बायका येतात, मागून ओरडतात, की आपण सरकायचं. मी सरकत गेले. कापडाची गल्ली संपली, टोमॅटोचे ढीग आले, मग भांडी, मग मासे. वळून बघते तर एस्थर नाही.

जयेश : मग तिथेच थांबायचं! रेवाला आपण काय शिकवतो?

सुमेधा : थांबलेच होते. वाटेच्या मधोमध. तेवढ्यात एका बाईने माझा दंड धरून मला बाजूला खेचलं. मागून भरलेली हातगाडी येत होती. मग जी काय रागावली ती! भाषा त्यांची, पण सूर अगदी माझ्या आत्याचा.

जयेश : कोण बाई?

सुमेधा : सुकट विकणारी. साठीची असेल. मोडकंतोडकं इंग्लिश बोलायची. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि वार विचारला.

जयेश : वार? कशाचा?

सुमेधा : जन्माचा. तिकडे वारावरून नाव पडतं. मी गुरुवारची. म्हणाली, मग तू आबा.

जयेश : आबा?

सुमेधा : बाईचंच नाव आहे तिकडे. आजूबाजूच्या सगळ्या मला आबा म्हणायला लागल्या. हसू नकोस.

जयेश : मी हसत नाहीये, सुमेधा. तू तिकडे आबा झाली होतीस तेव्हा मी इथे... जाऊ दे. पुढे?

सुमेधा : तिने माझ्या मांडीवर परात ठेवली. सुकट निवडायला. मी निवडत बसले.

जयेश : चार तास?

सुमेधा : गिऱ्हाईक आलं की पुडी बांधून पण देत होते.

जयेश : आणि तिच्याकडे फोन नव्हता?

सुमेधा : पाण्याची बाटली कुठेय?

जयेश : सुमेधा.

सुमेधा : होता. पाणी दिलं तेव्हाच पुढे केला होता. म्हणाली, नवऱ्याला फोन कर.

जयेश : मग?

सुमेधा : मी म्हटलं, नंबर पाठ नाही.

जयेश : माझा नंबर? रेवाच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर लिहितेस तू तो.

सुमेधा : हो.

जयेश : मग खोटं का बोललीस?

सुमेधा : माहीत नाही.

जयेश : माहीत नाही काय? काहीतरी असेल ना! राग आहे माझ्यावर?

सुमेधा : नाही रे. सगळ्या प्रवासात तेच शोधत होते. राग नाही. इथे वाईट असं काहीच नाही. कामावर माणसं चांगली, शेजारी चांगले, कधीही विचारा, सगळं छान, ऑल ग्रँड. पण अकरा वर्षांत मला इथे कुणी रागावलं नाही, जयेश. कुणी दंड धरून खेचलं नाही.

जयेश : हे कारण आहे? एका अनोळखी बाईने खेचलं म्हणून?

सुमेधा : मला तरी कुठे पटतंय! फोन हातात होता. वाटलं, आता आकडे दाबले की इथून उठावं लागणार. नाही उठावंसं वाटलं. एवढंच.

जयेश : मी गाडी कडेला घेतो. नाही चालवता येत मला.

सुमेधा : घे.

जयेश : मग सापडलीस कशी?

सुमेधा : बाजारात कर्ण्यावरून पुकारत होते. मला काय कळणार? तिने ऐकलं, मांडीवरची परात काढून घेतली आणि हाताला धरून एस्थरकडे नेऊन दिलं. एस्थरला बघून मला रडूच कोसळलं. सुटले म्हणून की कशाचं, तेही सांगता यायचं नाही. तिला काहीच सांगितलेलं नाही मी. तिला अजून वाटतंय, चूक तिची झाली.

जयेश : रेवाला मी सांगितलं, आईच्या फोनला चार्जिंग नाही. तर म्हणाली, बट डॅड, शी ऑल्वेज हॅज द पॉवरबँक.

सुमेधा : सॉरी.

जयेश : थांब. मलाही एक सांगायचंय.

सुमेधा : काय?

जयेश : तू सापडत नव्हतीस तेव्हा मी परदेशात हरवलेल्यांच्या हेल्पलाइनला फोन केला होता. तिथल्या बाईने तुझं वय विचारलं, उंची विचारली. सांगितली. मग म्हणाली, ओळखीची खूण? तीळ, व्रण, काहीही चालेल.

सुमेधा : मग?

जयेश : मला काही आठवेचना. तेरा वर्षं झाली लग्नाला. ती बाई तिकडे थांबलीय आणि मी किचनमध्ये तसाच उभा. शेवटी म्हटलं, तसं काही नाही.

सुमेधा : आहे. उजव्या हाताला, कोपराच्या खाली. थांब, बाही वर करते. हा बघ.

जयेश : एवढा मोठा? लहानपणी भाजलं होतं का?

सुमेधा : नाही. आपल्याच ओव्हनला. तीन वर्षं होतील.