महानंदाताईंचे गडी

मंडळी, इतके सगळे जमलात. अशा वेळी बोलणं जड जातं, म्हणून आधी एक तक्रार. मला दिलेल्या घडीच्या खुर्चीने माझ्या धोतराचा सोगा सांध्यात धरून ठेवला होता. सगळी भाषणं मी वाकून ऐकली. दुःखाने वाकलोय असं आपल्याला वाटलं असेल. थोडं खरंही होतं. सोगा आत्ता सुटला. जीभ अजून सुटत नाही.

महानंदाताई गेल्या. आपल्या मुलींच्या खो-खो संघाच्या प्रशिक्षक गेल्या.

माढ्याचा सामना आठवतो. आपल्या पोरीने खांबाजवळ समोरची टिपली, आणि कर्ण्यावरचे गृहस्थ ओरडले, "एक बाई बाद!" मैदान हसलं. दुसरी टिपली. "आणखी एक बाई बाद!" मैदान लोळलं. ताई सरळ टेबलापाशी गेल्या.

"अवो, सकाळी पोरांचा सामना झाला, तवा एक बाप्या बाद म्हनला का?"

"न्हाय की. गडी बाद म्हनलो."

"मग आमचं बी गडीच."

"ताई, गडी म्हंजे पुरुष की हो!"

"खो-खोत गडी म्हंजे पळतंय त्यो. हितं तुमी सोडून समदी पळत्यात."

तिसरी टिपली तेव्हा कर्ण्यातून आलं, "गडी बाद." आवाज असा, की जणू गृहस्थांचा दातच काढलाय.

पण मंडळी, हे एकदा जिंकून संपत नाही. पुढे नातेपुत्यात तेच. मंगळवेढ्यात तेच. आणि पेपरात तर पोरी हरल्या की अबला, जिंकल्या की रणरागिणी. "मग खेळाडू कवा?" ताई विचारायच्या. मी एकदा म्हटलं, दमत नाही का? म्हणाल्या, "पळून न्हाय दमत. ह्ये सांगून लई दमते."

आता हा ठराव. चिटणीससाहेबांनी वाचला: "मातृछत्र हरपलेल्या या मुलींसाठी मंडळाने एक ज्येष्ठ पालक नेमावा." साहेब, भावना पोचली. पण पालक काय करतो? उशीर का झाला विचारतो. चड्डी आखूड का विचारतो. लग्नाचं विचारतो. वर्षभरात हा संघ घरी बसेल, आणि कोणी बाद केला हेही कळणार नाही. पालक या पोरींना घरोघरी आहेत. हवा आहे प्रशिक्षक. तो समोर बसलाय. पद्मा, संघाची कर्णधार. ताई अंथरुणाला खिळल्यापासून सराव तीच घेते.

ऊठ, पद्मा. लाजलीस तरी चालेल, पण ऊठ.

ठरावातला 'पालक' खोडा, 'प्रशिक्षक' लिहा, पुढे पद्माचं नाव लिहा. एवढीच दुरुस्ती मांडतो. अनुमोदन कोणाचं? मागून कोणीतरी 'व्हय' म्हणालं. तोंडाने नको, हात वर करा. अजून. साहेब, आपलाही. आभारी आहे.

पोरींनो, जाताना मागच्या दाराशी डबा आहे. शेंगापोळ्या आहेत. दवाखान्यात ताई म्हणाल्या होत्या, "लेखकराव, मेल्यावर मला आई करत्यात बगा. लावता शेंगापोळ्यांची पैज?" मी म्हटलं, सोलापूर सुधारलंय, लावतो. हरलो. एकेक घ्या.

आता उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही म्हणू नका. बाई नको, माय नको, रणरागिणी नको. ताईंना तेवढीच विश्रांती.