दीड सेकंदाची ओळ

तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ आईंनी बिनचूक वाचली. तरीही आपली दृष्टी अधू झाली आहे, हा त्यांचा हेका कायम होता. नेत्रतपासनीस बाईंनी पुन्हा भिंग बदलले. शेजारी आईंची मुलगी बसली होती. ती चित्रपटांचे संकलन करी.

"आई, नजर उत्तम आहे तुझी."

"मग तुझ्या सिनेमाच्या शेवटी नामावलीत तू लिहिलेली ओळ का वाचता येत नाही? तीनदा गेले. 'माझ्या सहचारिणीस' इथवर पोचते, पुढे नाव वाचेपर्यंत ओळ पसार!"

"तीनदा त्या ओळीसाठी गेलीस?"

"नाहीतर काय, मारामाऱ्या बघायला? सून आहे माझी. पडद्यावर तिचं नाव नीट वाचायचंय मला."

"ओळ किती वेळ दिसते?" बाईंनी विचारले.

"दीड सेकंद," मुलगी म्हणाली. "लोकांनी वाचलं तर माझी कामं बंद होतील, असं वाटलं होतं."

"झाली का बंद?" आईंनी विचारले.

"उलट, ती ओळ वाचूनच एका दिग्दर्शिकेनं बोलावलंय. लेस्बियन जोडप्याची गोष्ट आहे. संकलनाला आपल्यातलीच हवी म्हणते."

"तिचे डोळे तरुण असतील गं. पुढच्या सिनेमात आम्हा म्हाताऱ्यांचाही विचार कर!"

बाईंनी नोंद केली : दृष्टी निर्दोष. मुलीने भीतीपोटी ओळ फार थोडा वेळ ठेवली होती.