ब्रेक लागला की जो पाय पुढं येते

माहा जन्म आर्णीजवळच्या तांड्यातला. आमचे पणजोबा बैलांवर मीठ वाहत देशभर फिरत, म्हणे, अन् मी बी फिरलीच, बावीस वर्षं, पण एसटीत. कंडक्टर होती मी. याडी, म्हणजे माही माय, म्हणे का आपल्यातल्या बायकाचे पाय एका जागी टिकत नाहीत. पण काय सांगू तुले बाई, पाय टिकाले मले बसमधीच शिकावं लागलं.

पहिल्या महिन्यात मी रोज कोणाच्या ना कोणाच्या मांडीवर पडो. तिकिटाचा ट्रे इकडं, सुटे पैसे तिकडं, लोक हसत, म्हणत कंडक्टरीनबाईलेच शीट द्या गा. आमचे ड्रायव्हर होते गुलाबभाऊ, नेरचे, जवानीत कुस्ती खेळलेले. ते म्हणाले, बाई, तू पाय ठरवून ठेवतं, म्हून पडतं. पवित्रा डोक्यानं घ्याचा नसते. ब्रेक लागला का जो पाय आपोआप पुढं येते तो तुहा, त्याले पुढं राहू दे. मी पाह्यलं, माहा डावा येते. तवापासून एक डाव पडली नाही मी. अन् मंग मले खोडच लागली, बसमधी उभ्या माणसाचे पायच पाहाची. तोंड इसरो मी माणसाचं, पाय नाही इसरत.

तर रोशनीची गोष्ट. ते साल कापसाचं वाईट होतं, बोंडअळी खाऊन जाये अन् उरलं त्याले भाव नाही, वेचाले बाया लावणं परवडे नाही, म्हून लोक घरच्याच पोरी शाळेतून काढून वावरात नेत. माह्या सकाळच्या बसमधी पासवाल्या चौदा पोरी होत्या, दिवाळीनंतर पाच राह्यल्या. त्यातली एक रोशनी, आमच्याच तांड्यातली, आठवीतली. शाळेत कराटे शिके. तिच्या बापानं सांगून टाकलं का यवतमाळच्या खेळाच्या वसतिगृहात नंबर लागला तं शीक, नाही तं संक्रांतीपासून वेचाले चाल. निवडीले महिना होता, अन् पोरगी शाळेतल्या सगळ्या पोट्टींसंग हरून राह्यलती.

मी म्हटलं, काहून वं हरतं? तं म्हणे, मावशी, माहे पाय अडकतात. मंग समजलं, कराटेचे सर सगळ्याईले डावा पाय पुढं ठेवाले लावत. अन् मी तिले दोन वर्षांपासून पाहून राह्यली, दप्तर या खांद्यावर असो का त्या, ब्रेक लागला का तिचा उजवाच पुढं येते.

सर आमच्याच बसनं येत. मी त्याईले म्हटलं. ते हसले, म्हणाले, ताई, तुम्ही तिकिटं फाडा. पोरगी उजव्या हातानं लिहिते ना, मंग जोराचा हात मागं राखाचा अन् डावा पाय पुढं, हा कायदाच हाये. मी तिकिटं फाडाले लागली. पण गुलाबभाऊनं आरशातून पाहत सगळं आयकलं.

दुसऱ्या दिवशी सरळ रस्ता, समोर कुत्रं नाही का बैल नाही, अन् गुलाबभाऊनं ब्रेक मारला. रोशनीचा उजवा पुढं. सर म्हणाले, योगायोग. पुन्हा मारला. उजवाच. तिसऱ्यांदा मारला तं मागून एक बुढी ओरडली, अरे गुलाब्या, दोन दात राह्यले माहे, तेही पाडतं का! सगळी बस हासे, पण सर हासत नव्हते. ते खाली पाहून राह्यलते, सोताच्या पायाकडं. त्याईचाही उजवाच पुढं आलता.

आर्णीले सर उठले. उतरताना मले म्हणाले, वीस वर्षं झाले ताई, माह्या गुरूनं मले डावा सांगितला, मी पोरांईले डावा सांगितला. पायाले कोणीच इचारलं नाही. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसानं माह्यासमोर असं म्हणावं! त्या दिवसापासून त्या माणसाले मी मनातून हात जोडते.

त्याईनं रोशनीले उजवा पाय पुढं ठेवून उभं केलं. निवडीले मी ड्युटी सुटल्यावर तशीच गेली, खाकी ड्रेसवर. समोरची पोरगी उंच, तगडी. अन् रोशनी भेली, जुन्या सवयीनं डावाच पाय पुढं घेतला. एक मार बसला, दुसरा बसला. सर पांढरे पडले. ओरडाची मनाई होती. माह्या हातात तिकिटाले भोक पाडाचा चिमटा होता, मांडवाच्या लोखंडी खांबावर मी तो एकदाच हाणला, टण्. बसमधी एक ठोका म्हणजे थांब, अन् थांब म्हणजे ब्रेक. दोन वर्षं आयकलेला आवाज तो. काय सांगू तुले, मी डोळ्यानं पाह्यलं, पोरीनं मान बी वळवली नाही, पण तिचा उजवा पाय सरकन पुढं आला, जसा काही तो वाटच पाहून राह्यलता. त्याच्यानंतर समोरचीले ती सापडलीच नाही. अंगावर काटा येते माह्या अजून. माणसाच्या आत एवढं काही भरलेलं असते अन् त्यालेच ठाऊक नसते.

लागला नंबर. कापूस वेचाले ती गेली, पण सुट्टीत, हौसेनं. आता सोता शिकवते पोरींले. पहिल्या दिवशी कोणता पाय पुढं ते सांगत नाही, मागून हळूच ढकलते अन् पाहत राह्यते.

गुलाबभाऊ गेले. माहे गुडघे गेले. आता बसमधी मले लोक उठून शीट देतात, अन् मी बसल्या बसल्या पाय पाहते. पाव्हणी तू, कमी बोलतं, चांगलं हाये, बोलाले आम्ही हावो. पण सकाळी माह्या उंबरठ्यात तू ठेचकाळली ना, तवा मी पाह्यलं. उजवा हाये तुहा, रोशनीसारखा. सुखी ऱ्हाय माय. चहा थंडा होऊन राह्यला.