हौसाबाईला उठवलं त्याची गोष्ट

मंडळी, मांडी घालून अवघडला असाल तर पाय मोकळे करा, देव रागवत नाही. आणि मला एक सांगा. माणसाचं वाईट करायला त्याच्यावर राग असावाच लागतो का? मायेनं, अगदी हात जोडून सेवा करताना कुणाचं वाईट होतं का? मागच्या मावशी मान हलवतायत — नाही म्हणतायत. बरं, ऐका मग.

डोंगराच्या पोटात एक गाव. तिथं बाळकू शेलार आणि त्याची बायको हौसाबाई. सत्तरी ओलांडली, तरी हौसाबाईचा पाय घरात ठरायचा नाही. सकाळी शेणघाण, मग विहीर, मग रान, आणि येताना कुणाच्या तरी दारात उभं राहून गप्पा. बाळकू घरून हाक मारायचा, "कुठं उलथलीस?" तिकडून उत्तर, "अवं, आले की! जरा दम धरवत न्हाई का?" प्रेम होतं, पण ओरडून.

वैशाखात ती मोरीपाशी घसरली. घोटा सुजला, हाड शाबूत. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "सूज उतरेपर्यंत पाय हलवू नका. मग रोज चालवा." मंडळी, पहिलं वाक्य सगळ्या घरानं ऐकलं. दुसऱ्या वाक्याला कोण थांबतंय? आपण कीर्तनातसुद्धा प्रसादाची वेळ तेवढी नीट ऐकतो.

मुलगा आत्माराम भला माणूस. त्यानं हातांची खुर्ची आणली, घराच्या पुढच्या सोप्यात ठेवली. "आई, जन्मभर राबलीस. आता तू आमची देवी. जमिनीला पाय लावायचा नाही." सून सुलभा पाणी हातात द्यायची, ताट हातात द्यायची. हौसाबाई उठायला लागली की घरातून तिघांचे आवाज — "बस, बस, पडशील!" गाव म्हणायचं, सेवा बघावी तर ह्या घरात. बाळकूलाही बरं वाटलं. सूज उतरली. खुर्ची तिथंच राहिली.

आधी हौसाबाईचं बोलणं कमी झालं. मग भरदुपारी ती विचारायला लागली, उजाडलं का. आत्माराम म्हणाला, "वय झालं, आबा." वय झालं? वैशाखात नव्हतं झालं ते भाद्रपदात झालं?

नवरात्र आलं. घट बसला. देवाचे चांदीचे टाक विड्याच्या पानांवर बसवले — एकदा बसवले की दसऱ्यापर्यंत हलवायचे नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. घटावर रोज माळ चढते. कारळ्याच्या पिवळ्या फुलांची ती माळ हौसाबाई लग्न होऊन आल्यापासून स्वतः ओवायची. बाळकूनं फुलं तिच्या मांडीवर ठेवली, दोरा दिला आणि समोर बसला.

ती फुलांकडं बघत राहिली. दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग वर बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"पाव्हणं," ती म्हणाली, "ह्याचं काय करायचं असतंय?"

 बाळकूनं हसून बघितलं. "अगं, चेष्टा करतीस व्हय?"

ती घाबरली. "सुलभा, हे पाव्हणं काय म्हणत्यात बघ गं."

मंडळी, मरणाला आपण सगळेच भितो. पण माणूस समोर बसलंय, जेवतंय, श्वास चाललाय, आणि त्याच्या मनातून आपण निघून गेलोय — ही भीती कशी असते, सांगता येईल कुणाला? त्या दिवसापासून बाळकू सोप्यात जायला बिचकायला लागला. दाराशी थांबायचा, खाकरायचा. आज 'अवं' म्हणतीय का 'पाव्हणं'? रोज पाव्हणं.

दसऱ्याच्या सकाळी घट उठवायचा होता. बाळकूनं देवीचा टाक उचलला. खालचं पान काळं पडून तळाला चिकटलं होतं. टाक हातात धरून तो तसाच उभा राहिला. देवालाही आपण नऊच दिवस बसवतो. दहाव्या दिवशी उठवतो, न्हाऊ घालतो, पालखीतून वेशीपर्यंत फिरवून आणतो. आणि हिला?

"आत्मा," तो म्हणाला, "देव उठवलं. आता तुझ्या आईला उठवायची."

"आबा, पडली तर? खुब्याचं हाड मोडलं तर परत उठायची नाही ती."

खोटं बोलत नव्हता हो आत्माराम. बाळकूलाही तीच भीती होती. एका बाजूला ही भीती, दुसऱ्या बाजूला रोजच्या 'पाव्हणं'ची, आणि मधे म्हातारा.

"सूज कवाच उतरली. डॉक्टर चालवा म्हणाला हुता."

"आणि काही झालं तर?"

"बसल्या जागी हुतंयच की रं. दिसत न्हाई का तुला?"

एका काखेत बाळकूनं हात घातला, दुसऱ्या आत्मारामनं. हौसाबाईचे पाय लटलट कापत होते. तिची नखं बाळकूच्या दंडात रुतली.

"पाव्हणं, सोडू नका."

"न्हाई सोडत."

दारापर्यंत गेली आणि रडायला लागली. पुन्हा खुर्चीत बसवली तेव्हा बाळकूचा सदरा घामानं भिजला होता. डॉक्टरला परत दाखवलं. त्यानं पाय बघितला, बोलून बघितलं, तपासण्या केल्या. म्हणाला, "धरून चालवा, रोज. गेलंय ते सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण बसवून ठेवलंत, तर राहिलंय तेही लवकर जाईल."

मग रोज चालणं. आधी अंगण, मग आळी. जे गाव सेवा म्हणत होतं तेच आता म्हणायला लागलं, म्हातारीचे हाल चाललेत. पारावरून एकानं विचारलं, "काय बाळकूतात्या, वरात काढलीय काय?" बाळकू म्हणाला, "तू वाजंत्री लाव." पण आत? आत प्रत्येक पावलाला त्याचा जीव टांगलेला. खडा दिसला की तो आधी पायानं बाजूला सारायचा.

पौषातल्या एका सकाळी ओढ्याच्या वाटेवर ती अचानक थांबली. बाळकूला वाटलं, चक्कर आली. त्यानं दोन्ही हातांनी धरलं. ती खाली बघत होती, त्याच्या पायांकडं.

"अवं," ती म्हणाली, "माझ्या चपला घालून कुठं निघालाय? लोक काय म्हणतील?"

खरंच, निघायच्या घाईत दोघांच्या चपलांची अदलाबदल झाली होती. बाळकू वाटेतच मटकन खाली बसला. ती वरून ओरडतच होती, "आता बसताय काय? उठा की!"

दुसऱ्या दिवशी काय झालं, विचारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव्हणं. मी तुम्हाला गोड खोटं सांगणार नाही. बाळकूनं हात पुढं केला. "चला, पाव्हण्याबरोबर वेशीपर्यंत." आणि ती उठली.

आता तुमचं. तुम्ही देवळात आपल्या पायांनी चालत आलात. निघताना घरात कुणाला तरी म्हणालात ना, "तू बस, आम्ही ऐकून येतो"? ती बसलीय. किती दिवस बसलीय, आठवतंय? आज गेल्यावर पाण्याचा तांब्या तिच्या हातात देऊ नका. हात द्या, आणि माठापर्यंत घेऊन जा. भीती वाटेल. वाटू दे. घाबरत धरा, घट्ट धरा, पण उठवा. "कोण तुम्ही?" असं तिनं विचारेपर्यंत थांबू नका.

चला, आरतीला उभे राहू या. आपल्याला उभं राहता येतंय तोवर.