करकोच्यांच्या खुंट्या

पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे दुर्बीण लावून बसायचं, असं तुम्हाला वाटतं ना? ऐका मग. उजनीचं पाणी नुकतंच साठायला लागलं होतं आणि मी सोलापुरात बी.एस्सी.ला होतो. आमचे सर म्हणाले, "तिथले करकोचे नीट मोजलेस, तर कोकणातल्या खाडीवरच्या शिबिराला तुझं नाव देतो."

मी हुरळलो. मोजणीची हद्द कळावी म्हणून काठाच्या चिखलात लाल फडकी बांधून खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी बघतो, तर सगळ्या खुंट्या पलीकडच्या ज्वारीत! अलीकडच्या रानाचे मालक धोंडीतात्या बांधावर तंबाखू मळत बसलेले.

"तात्या, खुंट्या कुणी हलवल्या?"

"म्याच. खुंटी ठोकली की तितवर धरणाचं पाणी येतंय. माजं रान कशाला बुडवता? ते चुलतभावाचं हाय, बुडू द्या की."

"अहो, त्या धरणाच्या नाहीत, पक्षी मोजायच्या आहेत! त्यानं कुणाचं रान बुडत नाही. परत द्या, माझं शिबिर जाईल."

तात्यांनी तंबाखूचा बार भरला आणि ज्वारीकडं एकवार पाहिलं.

"व्हय? मग दोन दिस तितंच ऱ्हाऊ द्या. त्यो सकाळधरनं डोक्याला हात लावून बसलाय. लई बरं वाटतंय बघा."