लाइट गेली तरी आठवतं

तुम्ही हसाल, पण मला सगळ्यात मोठी शाबासकी डोंगरीच्या एका आंटीने दिलीय. हाटकेश भागातल्या एका विवाह मंडळाची वेबसाइट मी बनवली होती. तेव्हा आपल्याकडे लोडशेडिंग, म्हणून फॉर्मचं प्रत्येक पान भरलं की लगेच सेव्ह व्हायचं. मंडळाचा मालक करवादायचा, "शेवटी एकदाच सेव्ह कर ना, कशाला एवढी डोकेफोड?"

एकदा माझ्यासमोरच आंटी मंडळात बसून मुलीचा फॉर्म भरत होत्या. शेवटच्या पानावर लाइट गेली. आंटी रडकुंडीला आल्या. लाइट आल्यावर लॉगिन केलं, तर आधी भरलेली सगळी पानं जशीच्या तशी!

"माझ्या नवऱ्याला पोरीचा वाढदिवस आठवत न्हाय," आंटी कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाल्या, "आनि ह्या डब्याला बत्ती जाऊन पन आठवतोय!"

मालक ऐटीत हसला. मी म्हटलं, "डब्याचं कसलं कौतुक, आंटी? त्याला लक्षात ठेवायला मी शिकवलंय!"